अर्ध्या मिलिमीटरची रेघ

अण्णा, तुमचा मायक्रोमीटर डाव्या हातात आहे आणि उजव्यानं हे लिहितोय. तुम्ही गेल्यावरही सरावलीचं आपलं वर्कशॉप आहे तिथंच आहे, तुमचं लोखंडी टेबलसुद्धा. दुपारपासून जिवाला चैन नाही. हे कुणाला सांगावं, तर तुमच्याशिवाय कुणी सुचत नाही.

तुम्ही मला पहिल्यांदा झापलंत ते मी इंजिनच्या क्रँकला साधा व्हर्नियर लावला म्हणून. "दरवाजा मोजतोयस का? इथं मायक्रोमीटर लागतो." मग हातात देऊन शिकवलंत. आधी त्याची तोंडं पुसायची, शून्य बघायचं. सिलिंडरच्या आतल्या मापाला बोअर गेज. मायक्रोमीटर मुठीत धरून ठेवायचा नाही, अंगाची ऊब लागली तरी माप हलतं. सगळ्यात जास्त धाक होता तो मायक्रोमीटरच्या दांडीवरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या बारीक रेघेचा. ती नजरेतून सुटली की घासून बारीक केलेल्या क्रँकला भलत्याच जाडीची बेरिंगं येतात. हे सांगताना तुमचा आवाज चढायचा.

आणि एके दिवशी ती रेघ तुमच्याच नजरेतून सुटली. मासवणच्या एकाचं ट्रॅक्टरचं इंजिन होतं. मी पालघरहून बेरिंगं आणली, बसवण्याआधी तुमच्या पाठीमागे क्रँक मोजला, तर माप तुमच्या आकड्यापेक्षा अर्ध्या मिलिमीटरनं वेगळं आलं. म्हणालो, "अण्णा, दुकानदारानं चुकीचं पाकीट दिलं." तुम्ही चष्मा पुसलात. "असेल," म्हणालात. दुसऱ्या दिवशी सकाळी मायक्रोमीटर माझ्या हातात ठेवलात, "आता तू मोजत जा." मी केवढा फुशारलो होतो! घरी पेढे आणले. तुम्ही अर्धाच खाल्लात.

आता आजचं सांगतो. किनाऱ्यावरच्या एका नाखवांच्या बोटीचं इंजिन उघडून ठेवलंय. सकाळी मी क्रँक मोजला, दोनदा मोजला. नाखवा शेजारीच उभे होते. "परवा बोट काढायची हाय. दर्यात इंजिन बंद पडलं तर आमी कोनाला हाक मारायची?"

"पडणार नाही," मी छातीठोकपणे सांगितलं आणि माप लिहून मुलीला पालघरला पाठवलं. डिप्लोमा झाल्यापासून ती माझ्याबरोबरच काम करते. ती आली, पाकीट ठेवलं, क्रँक मोजला. पुन्हा मोजला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, दुकानदारानं चुकीचं पाकीट दिलंय. बदलून आणते."

मी म्हणालो, "असेल."

तिनं उचलण्याआधी मी पाकिटावरचा आकडा वाचला होता, अण्णा. मी लिहून दिला होता तोच होता.

तेव्हापासून एकच घोकतोय, तिनं मोजलं नसतं तर? नाखवांबरोबर त्यांचे दोन्ही मुलगे बोटीवर असतात. आणि आजवर मी मोजून बंद केलेली इतकी इंजिनं त्या पाण्यात आहेत, त्यांचं काय? भीती वाटते, अगदी खरी भीती. त्या दिवशी तुम्हाला सगळं कळलं होतं, हे मला आज कळतंय. तुम्ही तर एका रात्रीत हात रिकामा केलात.

हा कागद कुठं पाठवणार? मायक्रोमीटरच्या पेटीत ठेवीन म्हटलं, पण पेटी तिच्याच हाती पडेल. ती बदललेली बेरिंगं घेऊन आली आहे. मघाशी तिनं मायक्रोमीटर मागितला, तेव्हा म्हणालो, "एवढं लिहून झालं की देतो." लिहून झालंय. तो अजून माझ्या मुठीत आहे, चांगला गरम झालाय.