ज्याला ताप आला नाही

१२ जून
सहा नळ्या रक्त काढलं. नर्स म्हणाली, तिकडे बघू नका. मी बघितलं. दर शनिवारी साप्ताहिकात कुणाचं तरी रक्त पिणारा विनोदी लेखक मी — स्वतःचं बघायला काय लाजायचं!

अभ्यासाचं नाव कागदावर दोन ओळींचं आहे. अर्थ एवढाच, की घरात एकाला मलेरिया झाला आणि त्याच खोलीत झोपणाऱ्या दुसऱ्याचं अंगही कोमट झालं नाही, असे लोक त्यांना हवेत. मी त्यात अगदी मापात बसतो. ही गेली त्याला उद्या आठ महिने. मला ताप आला नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, काय म्हणाले. म्हटलं, वेळ आहे निकालाला. "बरं," म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या. त्यांच्यामुळेच तर मी या भानगडीत पडलो. ही गेल्यावर त्या इथे राहायला आल्या, त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "एकाच खोलीत होतात ना दोघं? मग तुम्हाला कसं काही झालं नाही?"

आरोप नव्हता. साधी चौकशी होती. आरोप परवडला असता, आरोपाला मी उत्तर देतो. तोच माझा धंदा आहे. त्या दिवशी मात्र म्हटलं, शोधून सांगतो.

१३ जून
आठ महिने. आम्ही दोघंही त्याबद्दल बोललो नाही. पोळ्या करपल्या.

१७ जून
पुन्हा रक्त. आज डॉक्टरीणबाई स्वतः भेटल्या. वय माझ्या निम्मं, डोळ्याखाली काळी वर्तुळं, टेबलावर बिस्किटांचा चुरा. यकृताविषयी अशा बोलतात, जसं बायका माहेराविषयी बोलतात.

डास चावला की जंतू अर्ध्या-एक तासात यकृतात. तिथल्या एका पेशीत शिरून दार लावून घेतात. आठवडाभर आत बसून एकाचे हजारो होतात. ताप नाही, थंडी नाही, माणूस मजेत जेवतोय! मग पेशी फुटते, ते रक्तात उतरतात आणि आजार सुरू होतो. म्हणजे जे काय थांबवायचं, ते त्या आठवड्यात.

विचारलं, थांबवतं कोण? म्हणाल्या, ती पेशीच. आत परकं कुणीतरी आहे हे तिला कळतं. ती आरडाओरडा करते, शेजारच्या पेशी सावध होतात, मारेकरी पेशी धावत येतात — आणि त्या पेशीलाच मारतात. जंतूसकट. बहुतेकांच्यात ही धावपळ उशिरा होते किंवा कमी पडते. पण ज्यांना लहानपणापासून पुन्हापुन्हा लागण झालीय, त्यांचं शरीर तयारीत असतं.

मी सांगितलं, लहानपण मलेरियाच्या जंगलपट्टीत गेलं, वर्षातून दोनदा तापाने फणफणायचो. अजूनही दरवर्षी त्या भागात जातो. त्यांनी ते लिहून घेतलं, दोनदा अधोरेखित केलं. "तुमच्या यकृतानं बहुतेक वरच्या वर निपटलं असणार," म्हणाल्या. खूश होत्या.

माझं यकृत! हिने जन्मभर ज्याच्या नावाने बाटल्या लपवल्या, ते! हिचं यकृत स्वच्छ, सज्जन, वेळेवर जेवणारं. त्याला सवयच नव्हती घरात चोर शिरण्याची.

सासूबाईंना हे सगळं सांगितलं. मन लावून ऐकलं. "म्हणजे तुमच्यात होतं, तिच्यात नव्हतं. एवढंच," म्हणाल्या. हो, एवढंच. आज मला झोप लागेल असं वाटतंय. बऱ्याच महिन्यांनी.

२० जून
कपाट आवरताना सासूबाईंना माझ्या लेखाचं कात्रण सापडलं. 'आमच्या घरचा पारा'. ही तापाने पडली त्या आठवड्यातला. ही दर तासाला थर्मामीटर लावते, आकडा मोठ्याने वाचते, जणू बाजारभाव — असं काहीबाही. संपादक हसून लोळले होते. छापून आला त्या दिवशी ही बेशुद्ध होती.

सासूबाईंनी चष्मा लावून सगळा वाचला. घडी घातली. "चांगला लिहिलाय," म्हणाल्या. टोमणा असता तर बरं झालं असतं.

२६ जून
डॉक्टरीणबाईंनी फोन करून बोलावून घेतलं. आज खूश नव्हत्या.

काचपट्टीवर थेंब पसरून केलेल्या साध्या तपासणीत माझ्या रक्तात काही दिसलं नव्हतं. आता ती बारीक तपासणी आली, जी थेंबातला एखादा जंतूही पकडते. आहेत. थोडे, पण आहेत. यकृताने बहुतेक सगळे मारले, काही निसटले. रक्तात उतरल्यावर शरीराने त्यांना दाबून ठेवलं — वाढू दिलं नाही, पण संपवलंही नाही. म्हणून ताप नाही. मला वाटत होतं मी आजार अडवला. मी तो पाळला होता.

विचारलं, कधीपासून? नक्की सांगता येत नाही म्हणाल्या, पण असे महिनोन्‌महिने राहतात, वर्षसुद्धा. मग विचारलं, माझ्यासारख्याला डास चावला आणि तोच मग दुसऱ्याला चावला तर?

त्यांनी पेन खाली ठेवलं. "शक्य असतं," म्हणाल्या. त्यांचा आवाज फार मऊ झाला होता.

तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या. आणि बजावलं, घरात जे कोणी असेल त्याला उद्याच्या उद्या तपासायला आणा. वय जास्त असेल तर अजिबात थांबू नका. म्हटलं, आणतो.

२७ जून
हिशेब केला. मागच्या ऑगस्टच्या शेवटी पाच दिवस त्या जंगलपट्टीत होतो, रस्त्याच्या कामाच्या छावणीवर. मंत्रीसाहेबांच्या उद्घाटनाची टर उडवायला. परत आलो त्यानंतर पाच आठवड्यांनी हिला थंडी वाजली. माझ्या यकृतातला आठवडा, माझ्या रक्तात जंतू पिकायचे दिवस, मग डासात तयार व्हायला लागतात ते दिवस, मग हिच्या यकृतातला तो आठवडा. सगळं बसतं. एक दिवसही जास्तीचा उरत नाही.

शहराच्या या भागात दुसऱ्या कुणालाच मलेरिया झाला नव्हता. तेव्हा सगळे नवल करत होते, हिला कुठून आला म्हणून. मीही करत होतो. संध्याकाळी आम्ही गॅलरीत बसायचो. डास मारायचं काम माझ्याकडे होतं. मी नुसताच गप्पा मारायचो.

गोळी घेतली.

२८ जून
सासूबाईंनी विचारलं, काय निघालं. म्हटलं, सगळं ठीक आहे. या गोळ्या कसल्या मग? शक्तीच्या.

त्यांना तपासायला न्यायचं तर का ते सांगावं लागेल. उद्या सांगतो.

२९ जून
गोळ्या संपल्या. मी आता स्वच्छ!

डॉक्टरीणबाईंचा फोन, मी उचलला नाही. सासूबाई गॅलरीत बसल्या होत्या, हिच्या खुर्चीत, पायाला खाजवत. म्हणाल्या, "तुमच्यात ते आहे हे बरं झालं हो. निदान एक तरी वाचला." मी आत जाऊन नळ सोडून उभा राहिलो. लेखात असलं वाक्य कुणाच्या तोंडी घातलं असतं तर संपादक म्हणाले असते, अती होतंय.

१ जुलै
आजही सांगितलं नाही. वाक्यं तयार करतो. सगळी विनोदी होतात.

३ जुलै
सकाळी सात. सासूबाईंना हुडहुडी भरलीय. दात वाजताहेत, शब्द नीट उमटत नाहीत. तरी मलाच सांगताहेत, घाबरू नका. शेजाऱ्यांची गाडी खाली आलीय. दवाखाना वीस मिनिटांवर. तेवढ्यात त्यांना सगळं सांगायचंय.