हवेत राहिलेला हात

भोर,
५ नोव्हेंबर

ती. वन्संना शैलजाचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या घरात मोबाईलला रेंज नाही आणि त्या मोडून सांधलेल्या पायाने तुम्ही रेंजसाठी टेकाडावर चढलेलं मला चालणार नाही. म्हणून पासलीच्या एसटीवरच्या हनुमंत कंडक्टरच्या हाती हे पत्र देते आहे. काठी घेऊन चालता ना? की सुनेची पाठ वळली की काठी दाराआड आणि स्वारी भाताच्या खळ्यावर?

हे जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. तेव्हापासून माझा श्वास पुरा आत जात नाही, छातीच्या मध्यावर येऊन अडतो. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं की बाई, तुम्ही रडलात का? नाही रडले, वन्सं. त्या दिवशी माणसांना कळवण्यापासून पुढचं सगळं मीच उभं राहून केलं. आळीत सगळे म्हणाले, शैलजाताई किती धीराच्या. तो धीर अंगाला जो चिकटला तो सुटेना.

शुभ्राने पुण्याहून फोनवर लेकीच्या हक्काने धोशा लावून मला इथल्या देवळाच्या सभामंडपात चालणाऱ्या योगवर्गाला घातलं आहे. शेफाली नावाची मुलगी शिकवते, आपल्या शुभ्राच्याच वयाची. भ्रामरी करायला लावते, म्हणजे कान-डोळे बोटांनी मिटून भुंग्यासारखा आवाज काढायचा. शेजारची मैथिली त्यात रोज घळाघळा रडते आणि मग ताजीतवानी होऊन पोळ्या करायला घरी जाते. मला तिचा हेवा वाटतो. शवासनात शेफालीने माझा हात उचलून सोडून दिला, तर तो हवेतच राहिला. ती म्हणाली, काकू, हात सैल सोडा. मी म्हटलं, सोडलाय की!

भात झोडून झालं की ये, असं तुम्ही तिसऱ्यांदा लिहिलंत. आजवर सबबी सांगितल्या, आज खरं सांगते. घरातलं माणूस गेल्यावर पहिल्यांदा भेटलेल्या बायका तुमच्याकडे एकमेकींच्या गळ्यात पडून हेल काढून रडतात. तेव्हा तुमचा पाय प्लॅस्टरमध्ये होता, म्हणून आपली ती भेट राहून गेली. आता तुम्ही गळ्यात पडाल आणि मी खांबासारखी उभी राहीन. भावाची बायको कोरड्या डोळ्यांनी आली, हे तुम्हाला कसं वाटेल, याची मला फार भीती वाटते.

पायाला जपा. माझ्यावर आहे तो लोभ कमी होऊ देऊ नका.

आपली,
शैलजा


पासली,
१० नोव्हेंबर

चि. सौ. शैलजास ठकुबाईचे अनेक आशीर्वाद.

हात सवयीने सौ. लिहून गेला. खोडवत नाही, तसंच राहू दे.

तुझा हात हवेत राहिला हे वाचून मी एकटीच हसत बसले. सून म्हणाली, आत्याबाई, झालं काय? अगं, लग्नात आमचा आनंदा तुझा हात धरायला आला तेव्हाही तू अशीच ताठ होतीस. आमची आई म्हणाली होती की पोरगी गुणाची हाय, पण लई ताठ हाय.

आता माझं ऐक. रडले मीही नाही. आनंदा गेल्याचं कळलं तेव्हा मी खाटेवर, पाय वर टांगलेला. शेजारची फुलाबाई गळ्यात पडायला दारापर्यंत आली होती. तिला मीच सांगितलं की आत्ता न्हाई, शैलजा येऊ दे, मग. माहेरच्या माणसाबरोबर रडायची आमची रीत. माझ्या माहेरच्या, उत्रोलीच्या घरातलं आता दुसरं आहे कोण? तू येशील म्हणून थांबले आणि वर्ष गेलं. भाऊबीजेला ताट केलं, ओवाळायला कोणी नाही, म्हणून चंद्राला ओवाळलं. तेव्हाही डोळ्यांत पाणी आलं नाही. ताट आत नेऊन ठेवलं.

हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. तुझ्या त्या भुंग्याचं मात्र नीट लिहून धाड. तू येईपर्यंत मी करून बघते.

जिवाला जप. या म्हातारीची आठवण काढत जा.

तुझी,
ठकुबाई


भोर,
१४ नोव्हेंबर

ती. वन्संना शि. सा. न. वि. वि.

भिंतीला टेकून बसा, पाय लांब केला तरी चालेल. अंगठ्यांनी कान बंद करा, बाकीची बोटं डोळ्यांवर ठेवा. नाकाने श्वास घ्या आणि तोंड मिटून हूं असा लांब आवाज काढत सोडा. जोर लावू नका.

तुम्ही माझ्यासाठी थांबला आहात हे वाचल्यापासून अन्न गोड लागत नाही. मला रडू येत नाही असंही नाही, वन्सं. ते यायला लागलं की त्याच्याआधी दुसरंच काही वर येतं. ते इतकं वाईट आहे की मी घाईने दाबून टाकते, आणि त्याच्याबरोबर रडूही खाली जातं. ते काय, हे तुमच्या भावाच्या बाबतीत तुम्हाला लिहिण्याची हिंमत होत नाही.

रागावू नका. लोभ ठेवा.

आपली,
शैलजा


पासली,
२३ नोव्हेंबर

चि. शैलजास अनेक आशीर्वाद.

तुझ्या भुंग्याने पासलीत काय केलं ते ऐक. दुपारी सून खळ्यावर होती. मी पडवीत भिंतीला टेकून बसले, कान-डोळे मिटले आणि लावला आवाज. छान वाटत होतं बघ. तेवढ्यात फुलाबाई भाताचा भारा घेऊन समोरून चालली होती. तिला वाटलं, ठकूने अखेर हेल काढला. तिने भारा तिथंच टाकला आणि धावत येऊन माझ्या गळ्यात पडून मोठ्याने रडायला लागली. तो आवाज ऐकून वरच्या आळीच्या बायका आल्या. मी डोळे उघडते तर पडवी भरलेली.

मी सांगत होते की अगं, हा योग हाय. कोण ऐकतंय! फुलाबाई रडता रडता म्हणाली, माज्या ठकूचा पाठचा भाऊ गेला गं. तो भाऊ शब्द कानी पडला आणि माझा बांध फुटला. मी आनंदाला लई शिव्या दिल्या. मुडद्या, बहीण खाटेवर पडली, तिला बघायला यायचं सोडून कुठं रं निघालास? ओवाळून घ्यायचाही कंटाळा आला का तुला? असं काय काय बोलले. कोणालाही त्याचं नवल वाटलं नाही. गेलेल्या माणसाला आमच्यात असंच बोलतात. फुलाबाई तर म्हणत होती, व्हय, सांग त्याला, चांगलं सांग. मग सगळ्यांना चहा केला. भारा विसकटला म्हणून फुलाबाई मलाच बोलून गेली.

शैलजा, मी तुझ्यावाचून रडले, मनाला लावून घेऊ नकोस. आता माझं रडून झालं आहे. तू नुसती ये. रडायची सक्ती नाही.

तुझ्यावर माझी माया आहे, ती काही रडण्यावर नाही.

तुझी,
ठकुबाई


भोर,
२९ नोव्हेंबर

ती. वन्संना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. पडवी भरली तिथवर येईतो हसून पोट दुखलं. मग तुम्ही यांना शिव्या दिल्यात ते वाचलं आणि मी खालीच बसले.

आता सांगते. जाण्याआधी आठवडाभर यांच्या छातीत दुखत होतं. हे शिकवायचे त्या शाळेतल्या रखमाजी शिपायाला सांगितलं होतं, मला नाही. तेराव्याला रखमाजीच रडत म्हणाला की सर म्हनले, बाईंना सांगू नको, त्या घाबरत्यात. त्या दिवसापासून मी दुःखात नव्हते, वन्सं, मी संतापले होते. गेलेल्या माणसावर रागवणं पाप वाटायचं म्हणून तोंड दाबून बसले. पासलीला सगळ्या बायका असं बोलतात, हे मला कुठं ठाऊक होतं?

मी उठून यांच्या फोटोपुढे गेले. आधी अहो म्हटलं, पण अहोमध्ये तो राग मावेना. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा यांना अरे-तुरे केलं. अरे, मला का नाही सांगितलंस? मी घाबरले असते, मग काय बिघडलं असतं? घाबरत घाबरत दवाखान्यात नेलं असतं ना तुला! एवढं ओरडले की मैथिली धावत आली. तिने गॅस बंद केला आणि मला धरून बसली. मी किती रडले ते मला माहीत नाही. पुष्कळ वेळाने एक श्वास तळापर्यंत गेला, तो मला पोटात कळला.

रविवारच्या एसटीने येते आहे. रडायची सक्ती नाही म्हणालात, तरी मी रडणार आहे. तुमच्यासमोर तुमच्या भावाला पुन्हा सगळं सुनावणार आहे, तेव्हा मोठ्या बहिणीच्या नात्याने त्याची बाजू घेऊ नका.

माझ्यावर लोभ असू द्या. त्याच्यावर माझा आहेच.

तुमची,
शैलजा