नानांची गाठ हलते

१२ सप्टें. ९४, जळगाव
असोद्याचे नाना आले. केळीवाले, वय ५८. सहा महिने रक्त पडतंय, मूळव्याध समजून झाडपाल्याचं औषध चालू. बोटाने तपासलं. गुदाशयात गाठ, गुदद्वारापासून जेमतेम चार सेंमी. घट्ट, मागच्या हाडाला चिकटलेली, जराही हलत नाही. तुकडा तपासायला पाठवला. वहीत गाठीचं चित्र काढून ठेवलं.

१९ सप्टें.
रिपोर्ट : कॅन्सर. आत्ताच कापायचं तर गुदद्वारासकट सगळं जाणार, पोटावर कायमची पिशवी. नाना म्हणाले, "पिशवी लावून पंगतीत कसा बसू? मले ते नको." म्हटलं, आधी मुंबईला किरणांचा शेक घ्या, पाच आठवडे. आकसली तर बघू. वचन काही दिलं नाही. त्यांनी बहुतेक वचनच ऐकलं.

२० नोव्हें.
शेक संपवून परत. कातडी भाजलीय, जुलाब. तब्येतीचं विचारलं तर त्यांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, "यायनं सऱ्या वार्डाले भरीत शिकोलं." आज तपासलं नाही. आत सूज असणार, बोट फसेल. सहा आठवडे थांबायचं.

३ जाने. ९५
गाठ निम्म्याहून लहान. आणि हलते. खरं वाटेना, पुन्हा तपासलं. जुनं चित्र काढून पाहिलं, परत तपासलं. नाना कुशीवर पडल्या पडल्या, "डाक्टर, काही हरोलं का तिथे?" हसू आवरेना.

९ जाने., धुळे
ज्यांच्या हाताखाली सर्जरी शिकलो, त्या सरांना नानांना दाखवलं. हात धुताना सर म्हणाले, "छान आकसलीय. पण बोटाला फक्त व्रण लागतो. त्यात जिवंत पेशी उरल्यात का, ते काढून तपासल्यावरच कळेल." गुदद्वार वाचेल? "खाली जागा मिळाली तर. पोट उघडल्यावर ठरव."
परतताना पारोळ्याला नानांनी चहा पाजला. मीच जास्त धास्तावलेला.

१७ जाने.
ऑपरेशन. साडेचार तास. गाठीखाली दोन सेंमी निरोगी जागा. आतडं जोडलं. पिशवी आहे, पण जोड भरून येईपर्यंतच. शुद्धीवर आल्यावर सांगितलं. नानांनी माझं मनगट धरून ठेवलं.

२८ जाने.
रिपोर्ट आला. कापलेल्या कडा साफ, तिथे कॅन्सर नाही. गाठीच्या जागी बहुतेक व्रणच, एका कोपऱ्यात कॅन्सरच्या जिवंत पेशींचा लहानसा पुंजका. चांगलाच रिपोर्ट. तरी तो पुंजका...
नानांना सगळं वाचून दाखवलं.
"म्हनजे गेला का राह्यला?"
"दर तीन महिन्यांनी बघू."
"मंग हे तीन महिने तर माह्ये."
केळीच्या बागेत कधी जाऊ, विचारत होते. सोमवारपासून म्हटलं. उचलायचं मात्र काही नाही.