आरशासमोरचा सराव

शिळफाटा, खोपोली
२४ जून २०२४

ती. मालतीआत्यास,
श्रियाचा शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रातल्या माझ्या सात चुका लाल शाईने गोल करून परत पाठवल्यास, त्याबद्दल आभार मानू की भांडू ते ठरत नाहीये. मी आता बारावीत आहे, आत्या. सहा वर्षांची असताना बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी हिच्याकडून काहीतरी लिहून घेत जा असं सांगितलं आणि तू महिन्याला एक पत्र असा नेम लावलास. बाई ते कधीच विसरल्या असतील, तू काही विसरत नाहीस. मी पोस्टाच्या पेटीत पत्र टाकते हे कळल्यापासून वर्गातल्या मुली मला आजी म्हणतात.

आता खरी बातमी. माझं मशीन बिघडलंय, कानामागचं. ऑपरेशन करून डोक्यात बसवलेला भाग ठणठणीत आहे असं डॉक्टर म्हणतात, पण बाहेरच्या भागाने पाठवल्याशिवाय आतल्याला काही कळत नाही. मान वळवली की केबल हलते आणि सगळं जातं. मग मी केबल दोन बोटांत धरून बसते. बाबांनी कंपनीला कळवलं तर हे मॉडेल बंद झालं, सुटे भाग मिळणार नाहीत, नवं घ्यावं लागेल असं उत्तर आलं. किंमत बाबांनी मला सांगितली नाही. आईला सांगताना मात्र माझ्याकडे पाठ करायला ते विसरले आणि मी ओठ वाचले. आपलं झेरॉक्सचं दुकान मशीनसकट विकलं तरी भागणार नाही, एवढी ती आहे.

मी चार वर्षांची असताना ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं होतं, म्हणून बाबा त्या कचेरीत तीनदा जाऊन आले. योजना ऑपरेशनची आहे, ते झालं, फाइल बंद झाली, असं तिथले साहेब म्हणाले. वाईट वागले नाहीत. बाबांना खुर्ची दिली, चहाही विचारला. दुकानासमोर भाजी घेऊन बसणारी चिमा रोज विचारते की पोरीच्या मशीनला नवा शेल का टाकत नाय. तिला समजावून बाबा दमले.

आत्या, मला भीती वाटते. मशीन काढलं की मला शांतता मिळत असेल असं लोकांना वाटतं. शांतता मला माहीत आहे, ती मशीन लावून ऐकायची असते. हे तसं नाही. यात कुकर नाही, बाबांचं खोकणं नाही आणि मीसुद्धा नाही. मी बोलते ते माझं मलाच कळत नाही.

गुडघ्याला तेल लावत जा. माझ्यावरची माया आणि लाल शाई दोन्ही अशीच राहू दे.

तुझी,
श्रिया

*

कर्जत
१५ जुलै २०२४

चि. श्रियास,
मालतीआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

या वेळी चारच चुका. घाबरलेलं असताना तू शुद्ध लिहितेस असं दिसतंय.

आता ऐक. चौतीस वर्षं मी या तालुक्यात पोरांना शिकवलं, त्याचा काहीतरी उपयोग व्हायलाच हवा. माझा स्वराज आठवतो? सतराच्या पाढ्यापुढे कधी गेला नाही, पण आता तहसील कचेरीत आहे. त्याने उत्पन्नाचा दाखला चार दिवसांत हातात दिला आणि बाई, अजून छडी ठेवता का असंही विचारलं. मी अकरा संस्थांना अर्ज पाठवले. नऊ जणांचं उत्तर नाही. एकाने या वर्षाची दिनदर्शिका पाठवली, तीही जुलैत! अकराव्याने मात्र बोलावलंय. पनवेलचा वत्सला स्मृती निधी. दहा ऑगस्टला तुझी मुलाखत आहे. तीन जणांची समिती असते आणि त्यांनी हो म्हटलं की मशीनची सगळी रक्कम तेच भरतात.

तू आठ दिवस आधी माझ्याकडे यायचं. सहा वर्षांची होतीस तेव्हासारखं मोठ्या आरशासमोर बसायचं. मी आवाज न काढता बोलेन, तू ओठ वाचून उत्तर द्यायचं. वाचताना डोळे बारीक करायचे नाहीत, समोरच्याला वाटतं आपल्यावर संशय घेतायत. हसताना दात दिसले पाहिजेत, पण सगळे नकोत.

तू लहान असताना एका लग्नात कोणीतरी तुझ्या गालाला हात लावून बिचारी म्हणालं होतं. त्या दिवशी मी ठरवलं की या मुलीला पुन्हा कोणी बिचारी म्हणता कामा नये. समितीपुढेही कोणी म्हणणार नाही. ती जबाबदारी माझी.

नीट जेव. हेमचंद्राला आणि निवेदिताला माझा आशीर्वाद सांग, आणि काळजी करण्याचं काम आता माझ्यावर सोडा म्हणावं.

तुझी,
मालतीआत्या

*

शिळफाटा, खोपोली
१२ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
श्रियाचा शि. सा. न. वि. वि.

झाली एकदाची मुलाखत. तुझ्या आरशासमोर मशीन काढून तीसपैकी सत्तावीस प्रश्न मला ओळखता आले होते. तिथे सगळेच्या सगळे आले.

लांब टेबल होतं. पलीकडे एक टकलू काका, मधे चष्म्याच्या बाई आणि कडेला एक मिशीवाले. मिशीवाल्यांचा वरचा ओठ दिसतच नव्हता, तू सरावात अशी माणसं का करून दाखवली नाहीस? दुसऱ्या प्रश्नाला मी त्यांच्याकडे मान वळवली आणि मशीन गेलं. हात केबलकडे जाणार होता. तेवढ्यात तुझं आठवलं, की सारखं कानाला हात लावलेलं वाईट दिसतं. मी हात मांडीवर ठेवला आणि तसंच पुढे चालू केलं. कॉलेज, विषय, आवडीनिवडी, पुढे काय करणार, सगळं झालं. मिशीवाल्यांचं अर्धं अंदाजाने ओळखलं. टकलू काकांनी टाळ्या वाजवल्या असाव्यात, कारण त्यांचे हात हलले. निघताना मला एक शाईचं पेन दिलं.

बाबा बाहेर बाकावर बसले होते. मग आम्ही वडा खाल्ला. महिनाभरात कळवतील म्हणाले.

माझी एवढी तयारी तूच करून घेतलीस, ते मी विसरणार नाही. त्याच पेनाने हे पत्र लिहिलंय, म्हणून डाग पडलेत. ते चुकांत मोजू नकोस.

तुझी,
श्रिया

*

शिळफाटा, खोपोली
२ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,
हेमचंद्राचा शि. सा. न. वि. वि.

फोनच करणार होतो, पण श्रिया घरी असताना फोनवर बोलायची सोय नाही. खोलीच्या टोकावरून ओठ वाचते. म्हणून दुकानात बसून लिहितोय.

निधीचं पत्र आलं. अर्जदार मुलीस सध्या उत्तम ऐकू येत असल्याचे समितीच्या निदर्शनास आले, सबब अधिक गरजूंना प्राधान्य देण्यात येत आहे, असं लिहिलंय. खाली सगळ्यांच्या सह्या आहेत आणि श्रियाच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छाही आहेत.

मी लगेच पनवेल गाठलं. डॉक्टरांचे कागद पुन्हा दाखवले. तिथल्या बाई सरळ माणूस आहेत. म्हणाल्या, कागद आम्ही पाहिले होते, पण मुलगी समोर बसून घडाघडा बोलत होती, आम्ही डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की कागदावर. मी सांगितलं की ती ओठ वाचते. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले. मग म्हणाल्या की पैसे वाटून झाले, पुढची बैठक जूनमध्ये. बाहेर तिथला शिपाई शुक्रा मला फाटकापर्यंत सोडायला आला. आता ठराव लिवला, काय व्हायचा नाय, असं म्हणून त्याने माझी छत्री आणून दिली.

इंटरनेटवर लोकांकडून मदत गोळा करून देणारा एक जण भेटला. त्याला श्रियाचा रडतानाचा फोटो हवा होता. निवेदिताने त्याला दारातूनच परत पाठवलं. बरोबर केलं तिने, पण त्यानंतर आम्ही दोघं एकमेकांशी दिवसभर बोललो नाही.

मशीन जितकं कमी हलेल तितकं टिकेल, म्हणून आता ती फक्त जेवताना लावते. तेवढा अर्धा तास आम्ही तिघंही नको इतकं बोलतो. तिला मी खरं कारण सांगितलेलं नाही, यंदाचा कोटा संपला एवढंच सांगितलं. तूही सांगू नकोस. ताई, मला तुझा राग आलेला नाही. माझा आलाय. मी बाकावर बसून राहिलो, आत जाऊन दोन शब्द बोललो नाही. मुलगी छान उत्तरं देतेय हे दाराच्या काचेतून दिसत होतं आणि मला अभिमान वाटत होता.

गणपतीला ये. तू असलीस की घरात धीर वाटतो.

तुझा,
हेमचंद्र

*

कर्जत
५ सप्टेंबर २०२४

चि. हेमचंद्रास,
अनेक आशीर्वाद.

या वर्षी गणपतीला येणं जमणार नाही. गुडघा फार धरलाय.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. कानाला हात लावू नकोस असं मीच तिला बजावलं होतं. पोरगी आयुष्यभर मान वर करून जगावी म्हणून जे शिकवलं, त्यानेच तिचं नवं मशीन गेलं. आरशावर मी पंचा टाकलाय. आणखी काही लिहवत नाही.

मालती

*

शिळफाटा, खोपोली
२० सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
श्रियाचा शि. सा. न. वि. वि.

तू गणपतीला आली नाहीस. बाबांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. पण गुडघा दुखतो तेव्हा तू मला चार ओळी त्याच्यावरच लिहितेस आणि या वेळी पत्रच नाही, तेव्हा गुडघा नसणार.

कोटा संपला हे खोटं आहे, मला माहीत आहे. बाबांनी तुला सांगितलं असेल की तिला कळू देऊ नकोस. आत्या, मला तर त्याच दिवशी कळलं होतं. त्या खोलीच्या दाराला काच आहे. बाहेर येऊन मी चप्पल घातली आणि सहज वर बघितलं, तेव्हा चष्म्याच्या बाई मिशीवाल्यांना सांगत होत्या की हिला तर सगळं ऐकू येतं. बाईंचे ओठ अगदी स्वच्छ होते. मिशीवाल्यांनी मान हलवली आणि पुढची फाइल ओढली.

मला परत आत जाता आलं असतं. मशीन मघाशीच बंद पडलंय, एवढंच सांगायचं होतं. मी गेले नाही. खरं सांगू? मला आनंद झाला होता. हिला सगळं ऐकू येतं असं माझ्याबद्दल आजवर कोणीच म्हटलं नव्हतं. मी बाबांना पेन दाखवलं, ते हसले आणि आम्ही वडा खायला गेलो. वडा अर्धा खाऊन झाल्यावर बाईंच्या बोलण्याचा अर्थ माझ्या लक्षात आला. बाबा इतके खुशीत होते की मला सांगवेना. मग तुलाही तसंच छान छान लिहिलं. तेव्हा सगळा दोष तू एकटीने घेऊ नकोस, त्यात माझाही वाटा आहे.

गणपतीत मशीन आरतीपुरतंही लावत होते, तिसऱ्या दिवशीच्या आरतीत ते गेलं. मला वाटलं सगळे आरती म्हणायचं थांबले, पण सगळ्यांची तोंडं चालू होती. आईच्या हातांकडे बघून मी शेवटपर्यंत टाळ्या वाजवल्या. बाबांनी दुसऱ्या दिवशी केबल उघडून पाहिली, काही झालं नाही. आता कॉलेजात सर फळ्याकडे वळले की तास संपतो. घरी असं ठरलंय की आईने तळहात खाली केला की मी आवाज कमी करायचा. ती हल्ली दिवसातून खूप वेळा हात खाली करते आणि मग तोंड फिरवते.

बाबांनी जूनसाठी पुन्हा अर्ज केलाय. समिती तीच आहे. परीक्षा झाली की मी तुझ्याकडे येईन. आरसा पुसून ठेव. या वेळी मला ऐकू न येणं शिकव. समोरच्याचे ओठ हलले तरी नुसतं बघत राहायचं, न कळल्यासारखं. प्रश्न पुन्हा विचारायला लावायचा. मी घरी करून पाहिलं. आईला तीस प्रश्न विचारायला लावले. ती विचारते आणि माझं उत्तर आधीच बाहेर पडलेलं असतं. तीसपैकी एकदाही जमलं नाही.

या पत्रातल्या चुका काढून लगेच पाठव. तुझ्या लाल शाईची वाट बघते.

तुझी,
श्रिया