विठाबाई ओव्हाळ यांना नळी न लावण्याबाबत

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती, शिरूर, जि. पुणे

विषय : शेवटच्या आजारात श्वासाची नळी नको, असे वैद्यकीय इच्छापत्र आपल्याकडे ठेवून घेणेबाबत.
संदर्भ : कालकथित पोपट ओव्हाळ यांचे इच्छापत्र (फाटलेले).

महोदय,

१. अर्जदार विठाबाई पोपट ओव्हाळ, वय ७१, रा. वडगाव रासाई, ही अंगठेबहाद्दर असल्याने सदर अर्ज तिच्या सांगण्यावरून शेजारच्या रखमाजीने लिहिला आहे. भाषेचा दोष रखमाजीचा, भीती मात्र तिची.

२. अर्जदाराचे पती पोपट यांची फुफ्फुसे निकामी झाली होती. सख्ख्या भावाला मशीनवर तडफडताना पाहिल्यामुळे त्यांनी दोन साक्षीदारांसमोर, नोटरी करून, ‘मला नळी लावू नये’ असे लिहून ठेवले. आपल्याकडे आधार असो की जातीचा दाखला, जपायचा कागद म्हटला की लॅमिनेट करतात. मुलगा महेंद्र याने हाही केला.

३. ऑगस्टमध्ये त्यांना नदीपलीकडे दौंडच्या बाजूला एका दवाखान्यात नेले. नाव लिहीत नाही, कारण अर्जदारासही उद्या तिथेच नेतील. प्लास्टिकखालचा शिक्का तपासता येत नाही, कागद मोकळा करून आणा, असे तिथे सांगण्यात आले. महेंद्रने प्लास्टिक सोलले, तर शिक्का आणि सही प्लास्टिकबरोबर निघून आली व कागदाचे दोन तुकडे झाले. मग पेशंटची नवीन सही आणा म्हणाले. तोवर पोपट यांच्या घशात नळी होती, आणि ती उपटू नये म्हणून दोन्ही हात पट्टीने खाटेला बांधलेले होते. सही कशाने करायची, याचे उत्तर आजतागायत मिळालेले नाही.

४. असे नऊ दिवस गेले. अर्जदारास रोज दहा मिनिटे आत सोडत. पोपट शुद्धीवर होते. ते तिच्याकडे बघत, मग हातांकडे बघत. एक्कावन्न वर्षांच्या संसारानंतर तिला त्याचा अर्थ कळायला कागद लागत नव्हता. चौथ्या दिवशी तिने एक गाठ सैल केली. त्यानंतर तिला दाराबाहेरच बसवले. नवव्या दिवशी ते गेले, तेव्हा हात बांधलेलेच होते. गाठी तिने सोडल्या.

डॉक्टरांनाही केसची भीती असेल, हे समजते. भीती सगळ्यांनाच आहे, पण खाटेवर एकटाच माणूस असतो.

५. दिवाळीपासून अर्जदारालाच धाप लागते. हृदयाची झडप खराब आहे. मुलगा गुणी आहे, परंतु बापाला नीट बघितलं नाही, असे भावकीत बोलले गेल्यापासून तो रोज म्हणतो, “आई, तू भिऊ नको. तुला काय झालं तर मशीनवर ठेवीन, पन जगवीन.” या वाक्याची तिला इतकी धास्ती बसली आहे की धाप लागली की ती शेळ्यांच्या गोठ्यामागे जाऊन उभी राहते, दम बसला की हसत घरात येते.

६. सबब विनंती की, सोबतचे इच्छापत्र जमा करून घ्यावे व कोणासही लॅमिनेट करू देऊ नये. सदर दवाखान्यास आगाऊ पत्र द्यावे. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. अर्जदाराकडे सहा महिने नाहीत. तसेच महेंद्रला बोलावून घ्यावे. तिचे तो ऐकत नाही, साहेबाचे ऐकेल. रागावू नये. आईचा त्याच्यावर राग नाही, एवढे मात्र सांगावे.

आपली विश्वासू आणि भ्यालेली,
विठाबाई पोपट ओव्हाळ
(निशाणी डावा अंगठा)
दि. ८ डिसेंबर २०२५

सोबत :
अर्जदाराचे इच्छापत्र, मूळ, प्लास्टिकविना.
पोपट यांचे इच्छापत्र, तुकडे दोन, व सही चिकटलेले प्लास्टिक.
हात बांधण्याच्या पट्ट्या, नग दोन. पाहून परत कराव्यात.

टीप : अंगठा पुसट उमटला आहे. दुसरा घेण्यासाठी रखमाजीने मनगट धरले, तर अर्जदाराने धरू दिले नाही. आहे तोच ग्राह्य धरावा.