सकाळची साखर, पोपटी रंग

१२ नोव्हेंबर १९७८, रविवार. सकाळी ७.
दिवाळी संपली. डब्यात दोन अनारसे उरले होते, ते आत्ताच खाऊन टाकले. घरात आता मोहाचं काही नाही. आजपासून नियम.
डोळ्यांच्या डॉक्टरांनी काल स्वच्छ सांगितलं. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पूर्ण पिकला, उजव्यातला त्याच्या मागे निघाला आहे. थंडीत काढून टाकू म्हणाले. ५ फेब्रुवारी तारीख दिली. अट एकच. सकाळची उपाशीपोटी साखर दीडशेच्या आत पाहिजे, नाहीतर हात लावणार नाही, जखम भरत नाही म्हणे. माझी २४०. म्हणजे नव्वद उतरवायची, आणि हातात बारा आठवडे. आठवड्याला आठ. यात घाबरण्यासारखं काय आहे? नागपूरच्या इतवारी बाजारात तीस वर्षं लुगडी विकून राहिलो, याहून कठीण गिऱ्हाइकं उतरवली आहेत.
ही वही माझी एकट्याची. बायकोला, वच्छलाला, सांगून ठेवलं आहे, हात लावायचा नाही.

१३ नोव्हेंबर.
आमच्या डॉक्टर खानझोड्यांनी घरी लघवी तपासायचं सामान दिलं. काचेची ट्यूब, चिमटा, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या औषधाची बाटली. औषधात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं तर जास्त, नारिंगी त्याहून जास्त, विटकरी म्हणजे फारच. रोज सकाळी रंग लिहून ठेवायचा. डॉक्टर मला रंग समजावून सांगत होते! मला! मोरपंखी, शेवाळी, अंजिरी, डाळिंबी हे मी नुसत्या घडीच्या कडेवरून सांगतो.
आजचा रंग: पोपटी.
वच्छला म्हणाली, मले तं विटकरी दिसून राहिला. चौथी शिकलेली बाई. शेड म्हणजे काय, तिला काय माहीत. पोपटी लिहिलं.

१६ नोव्हेंबर. सकाळी ९.
पहाटे फिरायला सुरुवात. सोबत रुपराव, आमच्या गल्लीतले धान्याचे व्यापारी. शुक्रवारी नावाच्या तलावाला पूर्ण चक्कर. घाम आला. घामातून साखर जाते असं रुपराव म्हणतात, त्यांच्या मेव्हण्याची गेली.
परतताना तर्री-पोहे. पोहे हलके. तर्री तिखट, आणि तिखटात साखर नसते. दुसरी प्लेट रुपरावांच्या आग्रहामुळे.
रंग: पोपटी, किंचित पिवळ्याकडे. स्पिरिट भेसळीचं असावं.

२० नोव्हेंबर, सोमवार.
खूप विचार केला. रात्री साडेआठला एक भाकर आणि मेथीची भाजी खातो. त्यानंतर पोटात कण नाही. मग सकाळी ही साखर येते कुठून? दुकानाला रात्री कुलूप लावावं आणि सकाळी उघडून पाहावं तर माल वाढलेला, असं कधी कोणाचं झालं आहे का? डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पहाटे लिव्हर स्वतःच साखर सोडतं. म्हणजे मी झोपेत असताना माझ्याच घरात हा उद्योग. आणि जबाबदार मी!
पुढे म्हणाले, आणि संध्याकाळी काय खाता? मी म्हणालो, काही नाही. दुकानात सहा वाजता चहासोबत जे येतं ते खाणं नव्हे, तो व्यवहार आहे. गिऱ्हाइकासाठी कचोरी मागवली की एक आपण उचलावी लागते, नाहीतर त्याला संकोच वाटतो.
ठरलं. सोमवार, गुरुवार, शनिवार उपास. खाणंच नाही तर साखर कशाची?

२१ नोव्हेंबर.
कालचा उपास कडक झाला. दुपारी साबुदाण्याची खिचडी, चार वाजता रताळ्याचा कीस, दोन संत्री, रात्री भगर आणि राजगिऱ्याचा लाडू एक. (दोन.) धान्याला शिवलो नाही.
रंग: आंबा.
काही कळत नाही. औषध शिळं असणार.

२ डिसेंबर.
लॅबमध्ये रक्त दिलं. २५२. उतरायची ती चढली. लॅबवाल्याला म्हणालो, पुन्हा मोजा. तो म्हणाला, काकाजी, मशीनले काय तुमच्याशी दुश्मनी आहे? या पोरांना बोलायची पद्धत नाही. माझ्या आधी जो गृहस्थ बसला होता तो चांगला गलेलठ्ठ होता. सुईला त्याचं काही लागलं असेल, सांगता येत नाही.
वच्छला म्हणते, उपासाच्या दिवशी तुम्ही रोजच्यापेक्षा डबल खाऊन राहिले. देवाधर्माच्या गोष्टीत बायकांनीच असं बोलायचं म्हणजे कमाल झाली.

६ डिसेंबर.
रुपरावांनी बिजासालाच्या लाकडाचा पेला आणून दिला. रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी प्यायचं. पाणी तांबूस होतं. पेला गुणकारी आहे यात शंका नाही, कारण चव अत्यंत वाईट आहे.
आठवड्याला आठचा हिशेब आता आठवड्याला बाराचा झाला. हरकत नाही.

९ डिसेंबर.
रंग: पोपटी!! पेल्याचा प्रताप. वच्छलाला बोलावलं नाही, उगाच वाद नको. दिवा जरा लांब धरून पाहिलं की रंग जास्त खुलतो.
दुकानातला नोकर देवराव डोक्यावर चढला आहे. वीस वर्षांपासूनचा माणूस, पण हल्ली मी घडी उचलली की माझ्या आधीच ओरडतो, हा कत्था, हा वांगी. गिऱ्हाइकासमोर मालकाला रंग सांगतो! आज त्याला झापलं. तो खाली मान घालून म्हणाला, बरं शेठजी. आणि पुढच्या घडीला पुन्हा तेच.

२४ डिसेंबर, रविवार.
कळमेश्वरला रुपरावांच्या शेतावर हुरडा. जायचं नाही असं ठरवलं होतं. मग असं ठरलं की जायचं, पण खायचं नाही. मग असं की हुरडा खायचा, पण गूळ नाही. वच्छला बरोबर आली नाही, त्यामुळे गुळाचं नीट लक्षात राहिलं नाही.
हिरवी ज्वारी आहे शेवटी. हिरव्या वस्तूत काय असणार?

२५ डिसेंबर.
रंग लिहिला नाही. ढग होते.

३ जानेवारी १९७९.
रक्त: २६८.
डॉक्टर खानझोडे खुर्चीत मागे टेकून बसले आणि माझी वही मागितली. वही दिली नाही, नुसते रंग एका कागदावर उतरवून नेले होते. बावीस वेळा पोपटी. त्यांनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला. म्हणाले, गोळीनं भागत नाही, इन्सुलिनची सुई सुरू करू, महिना हातात आहे. मी साफ नाही म्हणालो. सुई म्हणजे माणूस आजारी झाला.
येताना रिक्षातून दुकानांच्या पाट्या वाचत आलो. मोठ्या अक्षरांच्या वाचता आल्या. बाकीच्या पाठ आहेत.

१४ जानेवारी. संक्रांत.
तिळगूळ नाकारणं म्हणजे माणसाचा अपमान. आज अकरा माणसं आली.

१७ जानेवारी.
येत्या रविवारी पुष्पलताचं डोहाळजेवण. आमची एकुलती एक मुलगी, सातवा महिना लागला. भिवापूरला तिच्या सासरी आहे. हिरवं लुगडं माहेरून जायचं. मीच निवडणार असं जाहीर केलं. देवराव मधे मधे करत होता, त्याला चहा सांगायला पाठवला. त्या दहा मिनिटांत गठ्ठ्यातून लुगडं काढलं. गर्द शेवाळी, जरीचा काठ. हाताला असा माल की विचारू नका. स्वतः घडी घातली, स्वतः कागदात गुंडाळलं, वरून दोरी बांधली. पोरीच्या अंगावर काय खुलेल!

२१ जानेवारी, रविवार. संध्याकाळ.
लिहावंसं वाटत नाही.
भिवापूरला सगळ्या बायका जमल्या होत्या. हिरव्या बांगड्या, हिरवी फुलं, पाट मांडलेला. विहीणबाई यमुताईंनी कागद सोडला. आत कुजबुज सुरू झाली. मी बाहेरच्या खोलीतून म्हणालो, शेवाळी आहे, खास काढून आणलं. यमुताई सभ्य बाई. हळूच म्हणाल्या, भाऊ, हे तं कत्थं आहे जी, तपकिरी.
मी उठून आत गेलो. लुगडं हातात घेतलं. दारात उजेडात नेलं. मला शेवाळीच दिसत होतं. सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं तर तोंडं नीट दिसेनात, नुसत्या उभ्या बायका. पुष्पलता म्हणाली, बाबा, मले आवडलं, मी हेच नेसते. आणि नेसली. सातव्या महिन्यात पोरीनं कत्थं लुगडं नेसून ओटी भरून घेतली, बापाची लाज राखायला.
बसमध्ये वच्छला शेजारी होती. मला रडू आलं. तीस वर्षं मी रंग विकले. आता मला भीती वाटते आहे.

२२ जानेवारी.
डॉक्टरांकडे स्वतःहून गेलो. सुई द्या म्हणालो. संध्याकाळची कचोरी, उपासाचा साबुदाणा, तर्री-पोहे, सगळं सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, नत्थूजी, तुमच्या संध्याकाळच्या कचोऱ्याच सकाळी ट्यूबमध्ये येऊन बसतात.
सिरिंजवरच्या रेघा मला दिसत नाहीत. वच्छला औषध भरते. डोळे तिचे, दंड माझा.

२९ जानेवारी.
सात दिवस. कचोरी नाही. उपास नाही. संध्याकाळी मूठभर फुटाणे, रात्री अर्धी भाकर. देवरावानं गिऱ्हाइकांनाही कचोरी बंद केली, मी ते चालवून घेतलं.
आज रुपराव पोहे खायला बोलवायला आले. वच्छला दारातूनच म्हणाली, ते झोपले आहेत गा भाऊ. मी आत जागा, चूप.

३ फेब्रुवारी.
रक्त: १९२.
बारा दिवसांत शहात्तर उतरली. आणखी दहा दिवस असते तर! नोव्हेंबरातच ही अक्कल सुचली असती तर. नाही, हे लिहून काय फायदा.
डोळ्यांच्या डॉक्टरांनी आकडा पाहिला आणि मान हलवली. चांगली उतरते आहे म्हणाले, पण आता नाही. फेब्रुवारीची यादी भरलेली, माझ्या जागी दुसऱ्याचं नाव घातलं. पुढे नागपूरचा उन्हाळा, डोळा चिघळतो. दिवाळीनंतर पाहू. तोवर उजवा किती टिकेल विचारलं, तर म्हणाले, साखर सांभाळा.
पुष्पलताचा नववा एप्रिलमध्ये संपेल. बाळ गोरं आहे की सावळं, कोणासारखं दिसतं, हे दुसऱ्यांना विचारावं लागणार.

५ फेब्रुवारी. सकाळी.
आज जाऊन झोपायचं होतं टेबलावर. त्याऐवजी स्वयंपाकघरात ट्यूब घेऊन बसलो. ओळी अंदाजानं लिहितो आहे, एकमेकींवर चढत असतील. वच्छला म्हणाली, आता रंग मी लिहीत जातो, तुम्ही फक्त सांगा. वही दिली. तिनं मागचं पान उलटलं आणि पेन मागितलं.
ट्यूब खिडकीशी धरली, खूप वेळ पाहिली. म्हणालो, लिही, पोपटी.
तिनं लिहिलं. वही परत दिली. काय लिहिलं ते मला वाचता येत नाही.