मोरी, चांदी आणि इतर कुटुंबीय

राजारामपुरी, कोल्हापूर
१९ जुलै

तीर्थरूप बाबासोकाकांना आदितीचा साष्टांग नमस्कार, काकूंना जय जिनेंद्र.

फोनवर तुम्ही सगळ्यालाच ‘बघू की’ म्हणता, म्हणून दूध संस्थेच्या टेम्पोतून हे पत्र. नोकरीत मी जे ॲप बनवते, ते लोकांना तासातासाला पाणी प्यायची आठवण करतं. आपल्या मळीवाडीत पाणी आठवण न करता घरात शिरतं, म्हणून वर्षभर रविवारी खपून दुसरं केलंय: ‘तराफा’. घरातल्या माणसांची नावं आणि वयं, एवढंच भरायचं. पुरात बटण दाबलं की जिथं माणसं जास्त, तिथं आमच्या पूर-मदत मंडळाची होडी आधी जाणार. संस्थेचे सचिव तुम्ही. गावाकडून भरून घ्या.

काकूंच्या गुडघ्याचं कळवा. माया आहे, ती अशीच राहू द्या.
तुमची आदिती

मळीवाडी
२२ जुलै

चि. आदितीस अनेक आशीर्वाद.

गुडघा काकूचा, पण कण्हतोय मी. दूध घालायला आलेल्या रांगेतच एकशे चाळीस घरं भरून घेतली. धोंडुबाईनं तेवढा ताप दिला. एकटी बाई, एकच लिहिणार म्हणून अडून बसली. शहाणपण शिकवलं, ऐकेल तर शपथ.

माणसांचा रकाना ठेवलास, म्हशींचा कुठाय? चहाला म्हैस लागते, होडीत लागत न्हाय व्हय? मागच्या पुरात जनावरांपायी लोक घरं सोडेनात, विसरलीस. असो, आम्ही आमची वाट काढली हाय.

लग्नाचं विचारत नाही. विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस, तेवढं कळव. आठवण ठेव.
तुझा बाबासोकाका

महामार्गालगतची शाळा
२५ जुलै, दुपारी एक

ती. काका, सा. न. वि. वि.

गावात पाणी शिरलंय, एकही फोन लागत नाही. होडीवाल्या ज्ञानूजवळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हे देतेय. उत्तर त्याच्याच हाती, लगेच.

होड्या दोन आहेत. पहिली सकाळी गुंडूकडे गेली, अकरा माणसांसाठी. निघाली तीन, आणि दारात आठ म्हशी. मग मी सगळ्या गावाची यादी उघडली. घरोघरी मोरी, चांदी, रतन, वयं चार ते नऊ. मला वाटलं होतं, गावात लेकरं वाढली! तुमच्याकडेही अकरा. तुमचा लेक अभिनंदन दुबईत, मग तुम्ही दोघं सोडून नऊ कोण? युक्ती तुमचीच, असं गुंडूनं सांगून टाकलं.

काका, धोंडुबाई एकटी, म्हणून यादीत सगळ्यात शेवटी. तिचं घर ओढ्याला लागून, सगळ्यात खाली. सकाळी सहाला तिनं बटण दाबलं, तेव्हापासून फोन बंद. तुमच्याकडून ज्ञानू थेट तिच्याकडेच जाईल. खरी माणसं लिहून पाठवा. रकाना ठेवला नाही ही माझी चूक; भांडू नंतर. आत्ता आशीर्वाद नकोत, आकडे हवेत.
आदिती

मळीवाडी
२५ जुलै

चि. आदिती,

मागच्या बाजूला यादी हाय. माझ्या आठवणीतली, पण खरी. आम्ही दोघंच, माडीवर बरे आहोत, आम्हाला शेवटी ने.

ज्ञानूला धोंडुबाईचं घर सापडणार नाही, पत्रा तेवढा वर असेल. पत्र त्याच्या हाती देतोय आणि त्याच्याच होडीत बसतोय. काकूनं जाऊ नका म्हटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.
बाबासो

मळीवाडी
५ ऑगस्ट

चि. आदितीस आशीर्वाद. या खेपेला घे बाई.

धोंडुबाई दवाखान्यातून काल घरी आली. आठ तास पत्र्यावर बसून तिनं मला एकही शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. होडीत चढल्यावर एवढंच विचारलं की तुमची जनावरं सुटली का. तिनं तिच्या एकुलत्या म्हशीचं दावं पहाटेच सोडलं होतं. म्हातारी म्हैस, ती काही काठाला लागली नाही. आमच्या नऊही पोहत माळावर गेल्या. होडी त्यांना लागतच नव्हती, हे मला पन्नास वर्षं म्हशी पाळून कळलं.

तुझ्या ॲपात जनावरांचा रकाना आलेला बघितला. आज रतनला धोंडुबाईच्या गोठ्यात बांधून आलो. नको म्हणाली, मग वैरण घालायला उठली.

तेव्हा नोंद दुरुस्त कर. आमच्याकडे माणसं दोन, म्हशी आठ. धोंडुबाईकडे माणूस एक, म्हैस एक. माझ्या शब्दावर जाऊ नकोस; रविवारी ये आणि मोजून जा.
तुझा बाबासोकाका